कार्यलक्षी व्याकरण : पहिले पुस्तक कोणते?

‘तापमानातील वाढीमुळे बाष्पीभवनाचा वेग वाढतो.’ विज्ञानाच्या तासाला अशा वाक्यापाशी मुले अडतात. तेच ‘पाणी जितके तापेल तितकी त्याची वाफ भराभर होते’ असे म्हटले की त्यांना कळते. अडचण एकट्या ‘बाष्पीभवन’ या शब्दाची नाही. पहिल्या वाक्यात ‘तापणे’ आणि ‘वाफ होणे’ या दोन्ही क्रियांची नामे झाली आहेत आणि त्यांचा संबंध ‘-मुळे’ या प्रत्ययात दडला आहे. शब्दांच्या जाती ओळखून हे उलगडत नाही. ही रचना इथे कोणते काम करते, असे विचारावे लागते. हा प्रश्न विचारते ते कार्यलक्षी व्याकरण. ते भाषाशिक्षकांइतकेच विज्ञानशिक्षकांनाही उपयोगी आहे, असे आम्हांला वाटते.

मायकेल हॅलिडे यांनी मांडलेल्या या व्याकरणाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. प्रत्येक वाक्य एकाच वेळी तीन कामे करते : जगात काय घडते ते सांगते, बोलणारा व ऐकणारा यांच्यात नाते जोडते आणि मजकूर सलग ठेवते. ‘मला भूक लागली’ हे वाक्य घ्या. क्रियापद ‘भूक’ या शब्दाप्रमाणे चालते, पण बोलणे सुरू होते ‘मला’पासून आणि अनुभवही माझाच. ‘कर्ता कोण?’ या एका प्रश्नात खरे तर अनेक प्रश्न मिसळलेले असतात. ते सुटे करणे ही या पद्धतीची खरी देणगी.

मग सुरुवात हॅलिडे यांच्याच ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू फंक्शनल ग्रामर’ (१९८५) या ग्रंथापासून करावी का? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. नावात ‘ओळख’ असली तरी हा आकरग्रंथ आहे. संज्ञा झपाट्याने येतात आणि एक समजायला दुसरी आधी माहीत असावी लागते. ख्रिश्चन मॅथिसन यांनी सुधारलेल्या २००४ व २०१४ च्या आवृत्त्या तर अधिकच भरगच्च आहेत. संदर्भासाठी हा ग्रंथ कपाटात हवाच, पण पहिल्या वाचनासाठी नको.

सुझान एगिन्स यांचे पुस्तक (१९९४) रडणाऱ्या बाळांविषयीचे तीन वेगळे उतारे समोर ठेवून सुरू होते. ही सुरुवात फार चांगली आहे, पण पुढे सिद्धान्ताचा भार वाढतो. डेव्हिड बट व सहकाऱ्यांचे ‘यूझिंग फंक्शनल ग्रामर’ (१९९५) लहान आहे आणि शिक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. मात्र ‘असेच का?’ असे विचारणाऱ्याचे समाधान त्यात पुरते होत नाही.

आमची पसंती जेफ थॉम्प्सन यांच्या ‘इंट्रोड्यूसिंग फंक्शनल ग्रामर’ला (१९९६). हॅलिडे वाक्याच्या आरंभबिंदूपासून निघतात, तर थॉम्प्सन प्रश्न, विधान, आज्ञा या ओळखीच्या गोष्टींपासून. वर्गीकरण कुठे डळमळते ते ते लपवत नाहीत. स्वाध्याय आहेत आणि शेवटी उत्तरेही आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला याचे मोल कळेल. उणीव एक : क्रियांची नामे होण्याचा विषय, जो आपल्याला सर्वांत जवळचा, तो शेवटाकडे येतो. तोवर धीर धरावा लागतो.

ही सारी पुस्तके इंग्रजीविषयी आहेत, हे विसरू नये. इंग्रजीत कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांचा क्रम बदलून प्रश्न होतो. मराठीत ‘तू येणार’ आणि ‘तू येणार?’ यांत फरक केवळ सुराचा. म्हणून तिथल्या कसोट्या जशाच्या तशा मराठीला लावू नयेत. प्रश्न उचलावेत, उत्तरे आपल्या भाषेत शोधावीत. खरेदी करताना लेखकाचे नावही पाहावे, कारण सायमन डिक या डच अभ्यासकाची ‘फंक्शनल ग्रामर’ याच नावाची पद्धती अगदी निराळी आहे.

शेवटी एक साधी परीक्षा सुचवतो. कोणत्याही पुस्तकाचे एक प्रकरण वाचा आणि आपल्या वर्गाच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद समोर घ्या. मुले नेमकी कुठे अडतील हे पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसले, तर ते पुस्तक तुमच्यासाठी योग्य. नुसत्या संज्ञा पाठ झाल्या असतील, तर दुसरे पाहा.