७८ पत्ते, दोन हात

टॅरोच्या कुठल्याही नव्या कॅटचे परीक्षण वाचून पाहा. चित्रकाराविषयी लिहिलेले असते, रंगांविषयी असते, प्रतीकांविषयी तर भरभरून असते. तो कॅट पिसायला कसा आहे, हे शेवटच्या ओळीत आले तर आले. सुरीचे कौतुक करताना ती मुठीत कशी बसते हे सांगायचे विसरावे, तसे हे. म्हणून आज तुमच्यासमोर सर्वांत प्रसिद्ध अशा रायडर-वेट कॅटचे परीक्षण करणार आहे, पण हातांच्या बाजूने.

आधी श्रेय देऊ. हा कॅट १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढला. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. कप, तलवारी, काठ्या आणि नाणी यांच्या साध्या आकडी पत्त्यांवरही पामेलाबाईंनी पूर्ण दृश्ये रंगवली. पाठांतर न केलेला माणूसही त्यांचे पत्ते पाहून बोलू लागतो, ते यामुळेच. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी नवे चित्रकार त्यांच्याच रचना गिरवत आहेत. चित्रांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती मापाबद्दल. आज टॅरोचा सर्वसाधारण पत्ता ७० बाय १२० मिलिमीटरचा असतो. पोकरचा पत्ता ६३ बाय ८८ चा. शिवाय ५२ ऐवजी ७८ पत्ते, म्हणजे जाडी दीडपट. मेंढीकोट आणि बदाम सात खेळून तयार झालेला आपला हात या गठ्ठ्याभोवती पोचतच नाही. लहान हातांची मुलगी असो की सांधे दुखणाऱ्या आजी, दोघींची पंचाईत सारखीच. चकचकीत लॅमिनेशन असेल तर पत्ते सुरुवातीला निसटतात आणि हाताळून हाताळून पुढे एकमेकांना चिकटतात.

आता वेटसाहेबांचे पुस्तक उघडा, 'द पिक्टोरियल की टू द टॅरो'. एकेका पत्त्याचा अर्थ त्यात तपशिलाने दिला आहे. दहा पत्त्यांची जी मांडणी आज जगभर वापरतात, तीही त्यात आहे. आणि त्या मांडणीत पिसण्याविषयी किती? एक वाक्य. चित्रे खाली ठेवून पिसा आणि तीनदा कट करा, एवढेच. कसे पिसा, किती वेळ, हातात न मावणाऱ्या गठ्ठ्याचे काय करा, याबद्दल अक्षर नाही.

ही रिकामी जागा पुढे समजुतींनी भरून काढली. दुसऱ्याला हात लावू देऊ नका. पिसताना एखादा पत्ता उडून पडला तर तो खास तुमच्यासाठी आलेला निरोप समजा. तुम्हीही हे ऐकले असेल. मोठा कॅट लहान हातात धरला की पत्ते उडणारच, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, यात बिघडते काय? एका ओळखीच्या घरचा प्रसंग सांगते. आई तिकडे गावाला, आजारी. मुलगी इथे, रजा आणि तिकीट यांच्या हिशेबात अडकलेली. तिने लागोपाठ तीन संध्याकाळी पत्ते मांडले आणि तिन्ही वेळा 'टॉवर' आला, शेजारी तेच दोन पत्ते घेऊन. वीज पडलेला तो मनोरा बघून तिची झोप उडाली. मी तिला पुन्हा पिसायला सांगितले आणि तिच्या हातांकडे पाहिले. ती गठ्ठा आठेक ढिगांत वरून खाली टाकत होती आणि थांबत होती.

आता साधा हिशेब करा. ७८ पत्त्यांत शेजाऱ्यांच्या जोड्या ७७. आठ ढीग पडले म्हणजे सात ठिकाणी तुटले. उरलेल्या ७० जोड्या जशाच्या तशा राहिल्या. कालचे शेजारी आज एकत्र आले यात नशिबाचा काही हात नव्हता, पत्ते मिसळलेच नव्हते. दुसरीही गोष्ट लक्षात ठेवा. पत्ते अगदी उत्तम पिसले तरी काल मांडलेल्या दहांपैकी निदान एक पत्ता आजच्या दहांत पुन्हा दिसतो, चारपैकी सुमारे तीन वेळा. पत्ता परत येणे ही नेहमीची बाब आहे.

डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले, की दोन भाग करून कडा एकमेकांत फर्रकन सोडल्या, तर ५२ पत्ते नीट मिसळायला सुमारे सात फेऱ्या लागतात. ७८ पत्त्यांना त्याहून थोड्या जास्त. ढीग टाकत पिसण्याच्या पद्धतीला मात्र हजारोंच्या घरात फेऱ्या लागतात. आणि फर्रकन पिसायचे तर एवढे मोठे पत्ते वाकवावे लागतात. ते ज्याला जमते त्याला जमते. बाकीच्यांचे पत्ते दुमडतात.

मग करायचे काय? उत्तर आपल्या सावंतवाडीत सापडते. टॅरोही मुळात खेळच, पंधराव्या शतकातल्या इटलीतला. आणि सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हाही खेळ. तिचे पत्ते १२०, हाताने रंगवलेले, रोगण दिलेले आणि गोल. गोल, ताठ पत्ता वाकवून पिसणार कसा? म्हणून ते कापडावर पसरायचे आणि तळव्यांनी कालवायचे. टॅरोलाही हेच लागू पडते. टेबलावर जाडसर कापड घाला, पत्ते पालथे पसरा आणि दोन्ही तळव्यांनी चांगले मिनिट-दोन मिनिटे, घाई न करता, गोल गोल फिरवा. बोटे आखडलेल्या आजींनाही हे जमते. सुलटे-उलटे पत्तेही आपोआप मिसळतात, कडा शाबूत राहतात आणि कापडामुळे पत्ता उचलायला सोपा जातो. हातातच पिसायचे असेल तर कॅटचे दोन भाग करा, पत्ते आडवे धरून लांब कडेने पिसा आणि मग अर्धे इकडचे तिकडे करा.

टॅरोने भविष्य कळते की नाही, या वादात मी पडत नाही. तुम्ही ते भविष्य माना किंवा मनातले बोलायचे निमित्त माना. समोर आलेला पत्ता कोणी ठरवून आणलेला नाही, या एका विश्वासावर दोन्ही उभे आहे. तो विश्वास पिसण्यातून येतो. म्हणून माझा निवाडा असा: रायडर-वेटची चित्रे अव्वल, पुस्तक पिसण्याच्या बाबतीत मुके, आणि माप आपल्या हातांचा विचार न करणारे. याच चित्रांच्या लहान आवृत्त्याही मिळतात. पुढच्या वेळी कॅट घेताना आधी तो हातात धरून बघा.

त्या मैत्रिणीने त्या रात्री कापड पसरून पत्ते कालवले. टॉवर आला नाही. आला असता तरी चालले असते, असे ती म्हणाली. मग तिने पत्ते गुंडाळून ठेवले आणि आईला फोन लावला.