फिनिक्सचे उड्डाण

एलेस्टन ट्रेव्हर यांची ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ ही कादंबरी १९६४ साली आली आणि पुढल्याच वर्षी रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. सहारा वाळवंटात एक मालवाहू विमान कोसळते. पाणी संपत आलेले. वाचलेल्यांपैकी डॉर्फमन हा शिष्ट जर्मन विमानांचे आराखडे करणारा. मोडक्या विमानाच्या शाबूत भागांतून एका इंजिनाचे नवे विमान जोडावे, असे तो सुचवतो आणि सारे राबू लागतात. काम पुरे होत आले असता वैमानिक टाउन्सला कळते, की हा गृहस्थ आजवर फक्त मुलांच्या हौसेची छोटी विमाने आखीत आला आहे!

कथेतली ही कलाटणी मला फार आवडते. जेम्स स्ट्युअर्टचा चेहरा पाहून हसावे की रडावे ते कळत नाही. डॉर्फमन मात्र शांत. त्याचे म्हणणे, छोट्या विमानात वैमानिक नसतो, म्हणून ते आपले आपण स्थिर राहील असेच रचावे लागते. उत्तर बिनतोड वाटते खरे. पण मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. भूमिती डोक्यातून जात नाही. विमान सर्व बाजूंनी दुप्पट केले, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट!

चित्रपट आपल्याला विचारतो, बांधणारा हौशी की कसबी? फराळाच्या बाबतीत घरचे ते चांगले हा आपला न्याय. विमानाला तो लावता येत नाही, हे आकडेच सांगतात. अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळाने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विमान कंपन्यांबाहेरच्या विमानांत त्यांचा वाटा सुमारे दहा टक्के. २०११ मधल्या प्राणघातक अपघातांत मात्र एकवीस टक्के.

याचे कारण मात्र चित्रपटाला सापडलेले नाही. हौशी माणसाने बसवलेला पंख गळून पडतो, असे क्वचितच घडते. इंजिन दगा देते, नाहीतर वैमानिकाचा ताबा सुटतो. शिवाय त्या वर्षी अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक हौशी विमानांचे मालक ती दुसऱ्याकडून विकत घेतलेले होते. गायक जॉन डेन्व्हर १९९७ च्या ऑक्टोबरात मॉन्टेरेच्या उपसागरात पडून गेला, तो अशाच घेतलेल्या विमानातून. बांधणाऱ्याने इंधनाच्या टाक्या बदलण्याची कळ मूळ आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. बांधणाऱ्याला तिची सवय असेल. नव्या मालकाचा हात तिथे सहज पोचेना.

कारखान्यातल्या विमानाला भावंडे असतात, हा त्याचा खरा आधार. एकात दोष निघाला की साऱ्यांना दुरुस्तीचा हुकूम सुटतो. प्रमाणपत्र म्हणजे अभय नव्हे. बोइंगच्या ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने २०१८ आणि २०१९ साली पडून ३४६ माणसे गेली. पण त्यानंतर जगभरची मॅक्स विमाने जमिनीवर बसवली गेली. खांद्यामागची ती कळ एकाच विमानात होती. तिच्याबद्दल कोण कोणाला हुकूम सोडणार?

फिनिक्सही असेच एकुलते एक. अमेरिकेत घरच्या विमानाला साधारणपणे पहिले पंचवीस ते चाळीस तास प्रवाशांवाचून उडवून पारखावे लागते. वाळवंटात ही चैन कुठली? इंजिन चालू करायची सातच काडतुसे उरलेली, आणि टाउन्स त्यांतले एक नुसते नळकांडी साफ करायला उडवतो! डॉर्फमन आकांत करतो. माझ्या मते चित्रपटातला हा सर्वांत खरा प्रसंग. आराखडेकाराला ठाऊक नसलेले काहीतरी वैमानिकाच्या हाताला ठाऊक आहे, हे एका शब्दाचेही व्याख्यान न देता दिसते. पुढे पंखांवर माणसे पालथी निजवून विमान उडते आणि डॉर्फमनची बुद्धी जिंकल्याचा जयघोष होतो, तिथे मात्र मी जरा हिरमुसलो. उडाले ते नशिबानेही, एवढे म्हणायला दिग्दर्शक कचरला.

चित्रीकरणासाठी खरेच एक विमान बांधले होते. आखणारे ऑटो टिम जुने जाणते, उडवणारे पॉल मँट्झ हॉलिवुडचे नामांकित वैमानिक. ८ जुलै १९६५ रोजी वाळूला चाके टेकवून पुन्हा उचलण्याचे दृश्य एकदा घेऊन झाले होते. खबरदारी म्हणून दुसऱ्यांदा घेताना विमान एका उंचवट्याला लागले, मधून मोडले आणि मँट्झ गेले. चित्रपट त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे.