बेन होगनचें न लिहिलेलें आत्मचरित्र

एखाद्या खेळाडूनें आपल्या खेळाविषयीं लिहिलेलें शिक्षणपर पुस्तक हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. काठी कशी धरावी, पाय कोठें ठेवावे, खांदे केव्हां वळवावे याचीच अशा पुस्तकांत चर्चा असावयाची. तींत रस कोठला आणि जीवनदर्शन कोठलें? परंतु अमेरिकन गोल्फपटु बेन होगन याचें १९५७ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘फाइव्ह लेसन्स’ हें पुस्तक या समजुतीस अपवाद आहे, असें मला वाटतें. होगनच्या आयुष्यावर १९५१ सालीं ‘फॉलो द सन’ नांवाचा बोलपट निघाला. पुढें १९९६ सालीं कर्ट सॅम्पसन यानें व २००४ सालीं जेम्स डॉडसन यानें त्याचीं विस्तृत चरित्रें लिहिलीं. या तिन्ही कृतींत होगनची हकीकत आहे. खुद्द होगन मात्र त्या रुक्ष शिक्षणपुस्तकांतच अधिक भेटतो. असें कां व्हावें, हें पाहतांना चरित्रवाङ्मयाचा एक मूलभूत प्रश्न आपल्यापुढें उभा राहतो.

हा खेळ आपल्याकडील बहुसंख्य वाचकांच्या परिचयाचा नाहीं, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. विस्तीर्ण हिरवळीवर दूरदूर अठरा लहान भोंकें केलेलीं असतात; निरनिराळ्या काठ्यांनीं चेंडू मारीत तो कमींत कमी फटक्यांत एकामागून एक त्या भोंकांत घालावयाचा, इतकाच हा खेळ. क्रिकेटमध्यें गोलंदाज चेंडू अवघड टाकतो, टेनिसमध्यें प्रतिस्पर्धी तो भलतीकडे परतवितो. गोल्फमध्यें चेंडू स्वस्थ पडलेला असतो. अपयशाचें खापर फोडावयास येथें दुसऱ्याचें डोकें सांपडत नाहीं. त्यांतून हा खेळ दीर्घकाळ सुखवस्तु लोकांचा मानला गेला. पोटासाठीं खेळणारा म्हणजे क्लबाचा पगारी नोकर. त्यानें सभासदांना शिकवावें, त्यांच्या काठ्या दुरुस्त कराव्या आणि सवड मिळेल तेव्हां बक्षिसांच्या स्पर्धांत नशीब अजमावावें. मराठींत ‘धंदेवाईक’ हा शब्द आपण बहुधा नाक मुरडूनच उच्चारतों. कला विकणारा तो धंदेवाईक, असा त्याचा ध्वनि आहे. होगनचें आयुष्य या शब्दाला दुसरा अर्थ देतें.

होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजीं अमेरिकेच्या टेक्सास प्रांतांत झाला. बाप लोहार. मुलगा नऊ वर्षांचा असतांना, १९२२ सालीं, त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. फोर्ट वर्थ शहरांत कुटुंबाची ओढाताण सुरू झाली. मुलानें वर्तमानपत्रें विकलीं आणि अकराव्या वर्षीं ग्लेन गार्डन येथील क्लबांत खेळाडूंच्या काठ्या वाहण्याचें काम धरलें. १९३० सालीं, सतराव्या वर्षीं, त्यानें गोल्फ हाच आपला धंदा ठरविला. पैसे संपले कीं घरीं परतावें, मिळेल तें काम करावें, चार पैसे जमले कीं पुन्हां स्पर्धांच्या मागें फिरावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. १९३५ सालीं व्हॅलेरी फॉक्स हिच्याशीं विवाह झाल्यावर ही वणवण दोघांची झाली. १९३८ सालीं ओकलंड येथें स्पर्धा चालू असतांना त्यांच्या मोटारीचीं चाकेंच चोरीस गेलीं. एकट्याच्या नांवावर पहिला विजय लागला तो १९४० सालीं, पाइनहर्स्ट येथें. म्हणजे धंद्यांत पाऊल टाकल्यापासून दहा वर्षांनीं! त्यानंतर मात्र १९४०, १९४१ व १९४२ या तिन्ही वर्षीं बक्षिसांच्या कमाईंत तो सर्वांच्या पुढें होता, आणि १९४८ सालीं त्यानें अमेरिकन ओपन ही श्रेष्ठ स्पर्धा जिंकली.

यानंतरची कथा जगप्रसिद्ध आहे. २ फेब्रुवारी १९४९ रोजीं धुक्यांत एक मोठी बस समोरून त्याच्या मोटारीवर आदळली. बायकोला वांचविण्यासाठीं त्यानें स्वतःला तिच्या अंगावर आडवें झोकून दिलें. कमरेचें हाड, गळपट्टीचें हाड, डावा घोटा व एक बरगडी मोडली. पुढें रक्ताच्या गुठळ्या होऊं लागल्यामुळें एक मुख्य रक्तवाहिनी बांधून टाकावी लागली, आणि पायांतील रक्ताभिसरण जन्माचें अधू झालें. हा मनुष्य पुन्हां चालेल कीं नाहीं याचीच शंका होती. तो १९५० च्या जानेवारींत लॉस एंजेलिसच्या स्पर्धेंत उतरला, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें, पायांना पट्ट्या गुंडाळून, मेरियन येथें अमेरिकन ओपन जिंकला. त्याच्या नऊ श्रेष्ठ विजयांपैकीं सहा या अपघातानंतरचे आहेत. त्यांतले तीन एकट्या १९५३ सालचे.

बोलपटाला अर्थातच हा भाग सोन्याची खाण वाटला. ग्लेन फोर्ड यानें होगनची आणि ॲन बॅक्स्टर हिनें व्हॅलेरीची भूमिका केली आहे. लोकांना शिष्ट वाटणारा एक अबोल मनुष्य अपघातानंतर त्याच लोकांच्या प्रेमानें विरघळतो, असा कथेचा रोंख आहे, आणि कळस साधला आहे लॉस एंजेलिसच्या पुनरागमनापाशीं. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात यांत नवल नाहीं. परंतु या मांडणींत एक मोठी चूक आहे. अपघातानें होगनला कोणतेंहि कौशल्य दिलें नाहीं. मेरियनच्या मैदानावर जें त्याच्या उपयोगीं पडलें, तें सर्व १९४९ पूर्वीं, कोणीहि पाहत नसतांना, तासन् तास एकट्यानें चेंडू मारून मिळविलेलें होतें. जगाला त्याचें धैर्य अपघातामुळें दिसलें, इतकेंच. ज्या दहा वर्षांत विजय नव्हता, टाळ्या नव्हत्या आणि पुष्कळदां खिशांत पैसाहि नव्हता, त्या वर्षांचें धैर्य अधिक मोलाचें. पण ते दिवस पडद्यावर दाखविणें कठीण, कारण त्यांत रोज तेंच तें घडत होतें.

चरित्रकारांची दृष्टि अधिक खोल आहे. डॉडसनला होगनच्या कुटुंबीयांचें सहकार्य लाभलें होतें, आणि त्याच्या ग्रंथांत पतिपत्नींच्या सहवासाचें चित्र हृद्य उतरलें आहे. परंतु येथें अपघाताची जागा बापाच्या मृत्यूनें घेतली आहे. होगन त्या मृत्यूविषयीं जाहीरपणें बोलत नसे. मुलगा त्या वेळीं खोलींत होता कीं नाहीं, याविषयींच्या हकीकतीहि एकमेकींशीं जुळत नाहींत. डॉडसन तो होता असें मानतो. त्या एका क्षणांतून पुढचा अबोलपणा, एकान्तप्रियता, श्रमांचें वेड, सारें कांहीं निघालें असें म्हणण्याचा मोह चरित्रकारास होणें स्वाभाविक आहे. पण थोरला भाऊ रॉयल हाहि त्याच बापाचा मुलगा होता; त्याचा बेन होगन झाला नाहीं. दुःखानें मनुष्य गप्प कां झाला हें कदाचित् सांगतां येईल, पण तो श्रेष्ठ कां झाला हें त्यावरून सांगतां येत नाहीं.

आतां मूळ पुस्तकाकडे वळूं. प्रथम साप्ताहिकांतून लेखमालेच्या रूपानें आलेल्या या पांच पाठांना हर्बर्ट वॉरेन विंड या व्यासंगी लेखकाचें साहाय्य लाभलें आहे, आणि अँथनी रॅव्हिएली याचीं शरीरशास्त्राच्या ग्रंथांत शोभावीं अशीं चित्रें आहेत. पुस्तकांत बाप नाहीं, बस नाहीं, इस्पितळ नाहीं. पहिला सबंध पाठ केवळ काठी धरण्याच्या पकडीवर आहे! डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांमध्यें होणारा कोन उजव्या डोळ्याकडे रोंखलेला असावा. उजवें पाऊल चेंडूच्या दिशेशीं काटकोनांत असावें. दोन्ही हात दोरीनें एकत्र बांधल्यासारखे रहावे. चेंडूपासून खांद्यांपर्यंत कांचेचें एक तावदान तिरपें टेकलें आहे अशी कल्पना करावी आणि काठी मागें नेतांना तें फुटूं देऊं नये. सामान्य शक्तीच्या मनुष्यानें हे पाठ नीट गिरवले तर तो चांगल्यापैकीं खेळाडू होईल, असें आश्वासन लेखक देतो.

हें वाचतांना एक गोष्ट हळूहळू ध्यानांत येते. इतकी दक्षता कशासाठीं? हातांना इतकीं बंधनें कोणाच्या भीतीनें? उत्तर होगनच्या त्या दहा वर्षांत आहे. त्याच्या खेळांत एक दुर्धर व्याधि होती. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा चेंडू सरळ जातां जातां हवेंतच डावीकडे वळतो आणि खालीं येऊन भलतीकडे गडगडत जातो. या दोषास ‘हुक’ म्हणतात. या एका दोषानें होगनला वर्षानुवर्षें भिकेस लावलें. हेन्री पिकार्ड या सहव्यवसायी खेळाडूनें त्यास पकडींत बदल सुचविला. होगननें आपलें पहिलें पुस्तक ‘पॉवर गोल्फ’, १९४८ सालीं, त्यालाच अर्पण केलें आहे. पुढें स्वतःच्या प्रयोगांनीं त्यानें या व्याधीवर पुरता इलाज शोधला, आणि त्याचा चेंडू शेवटीं किंचित् उजवीकडे झुकून अलगद उतरूं लागला. ‘फाइव्ह लेसन्स’मधील पकडीपासून मनगटापर्यंतचीं बंधनें पाहिलीं म्हणजे तीं डावीकडे पळणाऱ्या त्या चेंडूच्या धास्तीनेंच घातलेलीं आहेत, हें उघड होतें. एका रोग्यानें स्वतःच्या रोगावर लिहिलेलें हें वैद्यक आहे. म्हणूनच मी यास आत्मचरित्र म्हणतों. लेखकानें आपल्याविषयीं बोलावयाचें नाहीं असें ठरविलें असतांहि, त्याच्या आयुष्यांतली सर्वांत मोठी भीति आणि तिच्यावरचा विजय ओळीओळींत उमटला आहे.

आणि याच कारणामुळें शिक्षणपुस्तक म्हणून त्यांत एक गंभीर उणीव राहिली आहे. सामान्य हौशी खेळाडूचा दोष बहुधा होगनच्या उलट असतो. त्याचा चेंडू उजवीकडे पळतो. त्यानें होगनची पकड जशीच्या तशी उचलली तर रोग बरा होण्याऐवजीं बळावण्याचाच संभव अधिक. ही टीका गोल्फ शिकविणाऱ्या अनेक जाणत्यांनीं केली आहे आणि ती खरी आहे. आपल्या संगीतांतहि हें घडतें. गुरूचा गळा एका मर्यादेपलीकडे जात नाहीं, म्हणून तो मंद्रांत रमतो. पुढें तेंच त्या गायकीचें शास्त्र होतें आणि खुल्या गळ्याचा शिष्यहि तारसप्तकाला भिऊं लागतो. स्वानुभवाचें मोल मोठें, पण तो सर्वांचा अनुभव आहे असें मानण्याचा धोकाहि तितकाच मोठा. होगननें ज्यास सर्वांचा पाया म्हटलें, तो पुष्कळ अंशीं त्याच्या एकट्याचा होता.

तरीहि या पुस्तकाबद्दल आदर कमी होत नाहीं. १९५५ सालीं ‘लाइफ’ साप्ताहिकानें होगनचें ‘गुपित’ गाजावाजा करून छापलें होतें. दोनच वर्षांनीं आलेल्या या पुस्तकाची उभारणी कोणत्याहि गुपितावर नाहीं. पकड, पवित्रा, अंगाचें वळण, या कोणालाहि दिसणाऱ्या गोष्टींवरच लेखकाचा भर आहे. हाच प्रामाणिकपणा त्याच्या कारखान्यांतहि दिसतो. १९५३ सालीं त्यानें गोल्फच्या काठ्या करण्याचा कारखाना काढला, आणि काठ्यांची पहिली खेप मनाजोगी न उतरल्यामुळें नुकसान सोसून ती सगळी मोडींत काढली. १९५५ सालच्या अमेरिकन ओपनमध्यें जॅक फ्लेक या फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूनें होगनला हरवलें, तें होगनच्याच कारखान्यांतल्या काठ्यांनीं. चरित्रकार या प्रसंगांत दैवाचा क्रूर विनोद पाहतात. मला त्यांत धंद्याचें इमान दिसतें: काठी चांगली केली होती, ती ज्याच्या हातांत गेली त्याच्या उपयोगीं पडली.

होगन २५ जुलै १९९७ रोजीं वारला. त्याची हकीकत ज्यांस हवी असेल त्यांनीं डॉडसनचा ग्रंथ वाचावा. तो वाचनीय आहे. घटकाभर करमणूक हवी असेल त्यांनीं बोलपट पहावा. परंतु कुठल्याहि कलेंत वा धंद्यांत वर्षानुवर्षें एकाच दोषाशीं झुंजत बसलेला जो कोणी असेल, त्यानें गोल्फची काठी जन्मांत हातीं धरली नसली तरी, त्या पांच पाठांतला पकडीवरचा पहिला पाठ अवश्य वाचावा. ‘धंदेवाईक’ हा शब्द पुन्हां उच्चारतांना त्याचें नाक पूर्वीइतकें मुरडणार नाहीं.