बुधला, फझ आणि उलटी टेप

सायकेडेलिक गॅरेज रॉकच्या जन्माचे सगळे श्रेय एलएसडीला देऊन मोकळे होण्याची रीत पडली आहे. मला ती पटत नाही. ही गाणी नीट ऐकली तर नशेच्या आधी जाणवते ती धडपड. वाद्ये बेताची, हातही बेताचे, आणि तरीही आवाक्याबाहेरचे काही गाठायचे आहे.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकन टीव्हीवर झळकले आणि गावोगावच्या पोरांनी गिटारी विकत घेतल्या. गिटारचा स्वर फाडणारी गिब्सनची ‘मेस्ट्रो’ फझ-पेटी १९६२ पासून दुकानात होती, पण १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचे ‘सॅटिस्फॅक्शन’ गाजले तेव्हा तिला खरे गिऱ्हाईक मिळाले. त्याच वर्षी यार्डबर्ड्सनी ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी सतारवादक बोलावला. सतारीचा नाद हवा तसा ठसेना, म्हणून त्यांच्या गिटारवादक जेफ बेकने फझ लावून गिटारवरच तिचा भास उभा केला. पुढच्या कितीतरी गॅरेज संचांनी पूर्वेचा सूर ऐकला तो असा, गिटारच्या तारांवरून.

टेक्सासमधल्या ऑस्टिनचे ‘थर्टींथ फ्लोअर एलिव्हेटर्स’ माझ्या मताच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा ठरावेत. संचातला टॉमी हॉल एलएसडीचा उघड पुरस्कर्ता होता आणि १९६६ च्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘सायकेडेलिक’ हा शब्द आहे. पण त्या अल्बमला वेगळेपण दिले ते हॉलच्या बुधल्याने. बुधल्याच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून तो तोंडाने जो गुटरगूं नाद काढत असे, तो गाण्याखाली अखंड फिरत राहतो. त्यावर गायक रॉकी एरिकसनची किंकाळी. १९६९ मध्ये त्याला गांजाच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढची काही वर्षे मनोरुग्णालयात गेली. त्या किंकाळीला नंतर लोकांनी वेडाची दंतकथा चिकटवली. मला तिच्यात पक्का ब्लूजचा गळा ऐकू येतो.

‘इलेक्ट्रिक प्रून्स’च्या गाजलेल्या गाण्याची सुरुवात म्हणजे उलटी वाजवलेली गिटारची टेप. ‘काउंट फाइव्ह’ची कॉलेजातली पोरे तर यार्डबर्ड्सचीच नक्कल करत होती. ती नक्कल साधली नाही, म्हणून ‘सायकॉटिक रिअॅक्शन’ त्यांचे स्वतःचे झाले.

विखुरलेला हा माल संगीत-लेखक लेनी केने १९७२ मध्ये ‘नगेट्स’ या जोड-अल्बममध्ये गोळा केला आणि पंकच्या पिढीला पूर्वज मिळाले. आपल्याकडेही एका सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ स्पर्धा भरत. त्यांतून १९७० आणि १९७१ मध्ये निघालेल्या दोन ध्वनिमुद्रिकांत हाच खरखरीत फझ आहे. त्यांची दखल आपल्या संगीतसमीक्षेने फार कमी घेतली, याची खंत वाटते.

आज ऑस्टिनमध्ये ‘लेव्हिटेशन’ महोत्सव भरतो. २०१५ मध्ये एलिव्हेटर्स तिथे पुन्हा एकत्र वाजले. पण नव्या संचांपैकी बरेच मला फार सुरक्षित वाटतात. हवा तो नाद पायाखालच्या पेडलमध्ये तयार असतो, तो शोधावा लागत नाही. जॉन ड्वायरचे ‘दी ओ सीज’ मला म्हणूनच जवळचे. दोन ड्रमवादक शेजारी बसवून तो गाण्याचा वेग इतका वाढवतो की पुढच्या मात्रेला सगळे कोसळेल असे वाटत राहते.