‘शांत’ या विशेषणाविषयी

दिवाळी अंक हाती पडला की मी आधी प्रवासलेख उघडतो. सहामाहीचे पेपर तपासून झालेले असतात आणि डिसेंबरातल्या सहलीसाठी किनारा निवडण्याचे काम मुख्याध्यापक या नात्याने माझ्याकडे येते. चोर्ल्याच्या घाटाने उतरले की गोवा, आंबोलीने उतरले की सावंतवाडी-मालवण, आणि दक्षिणेकडे कारवार-गोकर्ण. बेळगावकराला समुद्र नाही, पण समुद्राच्या वाटा तीन आहेत. त्यामुळे किनाऱ्यांवरचे लेख मी रसिक म्हणून वाचतो त्याहून अधिक गरजू म्हणून वाचतो, आणि गरजूच्या बाजूने या लेखनाविषयी थोडे कटू लिहिणे मला भाग आहे.

एकदा दहावीच्या वर्गात अशा एका लेखातला उतारा गावाचे नाव वगळून वाचून दाखवला आणि किनारा ओळखायला सांगितला. रुपेरी वाळू, निळेशार पाणी, माडांची कमान, मावळतीचा सोनेरी गोळा, आणि शेवटी ‘शांत, निवांत, अस्पर्श’. मुलांनी चार वेगवेगळी नावे सांगितली. एकही मुलगा चुकला असे मला म्हणता येईना, कारण त्या उताऱ्यात किनारा नव्हताच. रत्नागिरीच्या मांडवीची वाळू काळी. पाळोळ्याचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला, उत्तर टोकाला बेटाचा आडोसा असलेला. गोकर्णचा ओम किनारा दोन अर्धवर्तुळांचा. हे भेद सांगायला प्रतिभा लागत नाही, नजर लागते. ‘मिनी गोवा’ ही पदवी तर आता किती गावांना मिळाली आहे, याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

पण माझा खरा आक्षेप एकाच विशेषणावर आहे. एम. ए.ला साहित्यशास्त्र शिकताना शांत हा नववा रस मानावा की नाही, यावर आम्ही तासन्‌तास वाद घातला. प्रवासलेखकाने तो वाद केव्हाच मिटवला. त्याला सगळेच किनारे शांत. मात्र शांत काय? माणसांची वर्दळ नाही म्हणून, की पाणी सौम्य आहे म्हणून? पाळोळ्याला गर्दी आहे आणि पाणी पुष्कळ सौम्य आहे. गणपतीपुळ्यालाही गर्दी आहे, पण पाण्याला ओढ आहे. निर्जन किनाऱ्यावर माणसांचा गोंगाट नसतो हे खरे, तसा हाक ऐकायला जीवरक्षकही नसतो. एका शब्दाखाली दोन विरुद्ध गोष्टी झाकल्या जातात, आणि वाचक आपल्याला हवी ती उचलतो.

मीही उचलली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी सहशिक्षकांनी आणलेल्या एका कात्रणावर ‘शांत व सुरक्षित किनारा’ असे छापलेले पाहून मी सहलीच्या अर्जावर सही केली. नववीतला एक मुलगा गुडघाभर पाण्यात उभा होता. पाहता पाहता तो हातभर, मग दहा हात दूर गेला. रापण ओढणाऱ्या दोघांनी होडी घालून त्याला आणला. त्यांतला म्हातारा मला म्हणाला, “मास्तर, जंय लाट फुटत नाय, थंयच पाणी ओढता.” किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाण्यासाठी अरुंद वाट शोधते, त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, आणि पोहता न येणारा नेमकी तीच जागा ‘शांत’ म्हणून निवडतो. त्या एका वाक्याइतका समुद्र मला एकाही प्रवासलेखात सापडलेला नाही.

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीला आपल्या शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार शाळकरी मुली गेल्या. याचा दोष मी लेखकांच्या माथी मारत नाही. पण बेळगावच्या ज्या घरांत हे अंक वाचले जातात, त्यांतल्या अनेकांना वायरीचे नाव त्या दिवसासाठीच आठवते, आणि त्यानंतरही आमच्या लेखांत माशांच्या थाळीला दोन परिच्छेद व पाण्याला एक विशेषण हेच माप राहिले.

वास्तविक, पाण्याविषयी लिहायला आपल्याकडे भाषा आहे: भरती, ओहोटी, उधाण, भांग, ओढ. किनाऱ्यावरचा माणूस तिथीला तीनाने गुणून चाराने भागतो आणि भरतीची ढोबळ वेळ काढतो. दिवाळीच्या सुटीत आपण निघतो तेव्हा अमावास्या नुकतीच सरलेली असते, म्हणजे उधाणाचे दिवस. भाऊबीज द्वितीयेची, हिशेबाने भरती दीडला. जेवणे आटोपून तीन वाजता कुटुंब पाण्यात उतरते तेव्हा उधाणाची ओहोटी लागलेली असते. दिवाळी अंकातल्या लेखात ही एवढी गोष्ट असू नये, याचे मला नवल वाटते.

असे लेखन होऊच शकत नाही असेही नाही. रवींद्रनाथ १८८३ साली कारवारला राहिले. वडीलबंधू सत्येंद्रनाथ तेथे जिल्हा न्यायाधीश होते. पुढे १९१२ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘जीवनस्मृती’त त्यांनी त्या किनाऱ्यावर जेमतेम काही परिच्छेद लिहिले आहेत. त्यांत डोंगरांनी वेढलेले बंदर आहे, सुरूचे बन आहे, चांदण्या रात्री काळी नदीतून होडीने शिवकालीन गडापर्यंत केलेली फेरी आहे, आणि परतताना ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मुखापर्यंत येऊन तिथून वाळूतून पायी घरी जाणे आहे. बाविशीतल्या कवीच्या भावविभोर आठवणीतही पाणी कुठल्या दिशेने वाहत होते हे टिकून राहिले. ज्याने कारवार पाहिले आहे त्याला तो किनारा नाव झाकूनही ओळखता येतो. काकासाहेब कालेलकरांच्या ‘स्मरणयात्रे’तले बालपणीचे कारवारही असेच पाहिलेले आहे. कालेलकर तर आपल्या बेळगुंदीच्या नात्याचे. त्यांना वारसा म्हणून मिरवणाऱ्या आपण त्यांची नजर मात्र घेतली नाही.

यंदाची सहल कारवारला ठरली आहे. शिपायाकडून पंचांग मागवून तारीख अष्टमीची धरली: भांगाचे दिवस, भरती सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी पाणी आत येत असेल. काळी नदीच्या मुखाकडे कुणी फिरकायचे नाही, आणि पाण्यात गुडघ्यापर्यंतच. भूगोलाच्या बाईंनी विचारले, “सर, सहलीच्या सूचनापत्रात किनाऱ्याचे वर्णन काय घालू?” मी त्यांना म्हटले, वाळूचा उतार घाला, नदीचे मुख घाला, भरतीची वेळ घाला. सूर्यास्त मुले स्वतः पाहतील.