गळा सिनेमात, गिटार घरात

1970 हे बीटल्स फुटल्याचं साल, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच एका वर्षात चौघांचेही स्वतंत्र अल्बम आले, हे मात्र पटकन आठवत नाही. मॅकार्टनीनं जवळजवळ सगळी वाद्यं स्वतःच वाजवून एप्रिलमध्ये एक तबकडी काढली. लेननची डिसेंबरात आली. आणि बँडमध्ये असताना ज्याच्या वाट्याला अल्बममागे एकदोन गाणी यायची, त्या जॉर्ज हॅरिसननं नोव्हेंबरात एकदम तीन तबकड्यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ समोर ठेवला. इतकी वर्षं त्याच्याजवळ किती साठलं होतं, ते त्या दिवशी कळलं.

तिकडची एकल कारकीर्द ही अशी. बँडनं नाव कमावून दिलेलं असतं, कंपनीचा करार हातात असतो, गाणी वाजवायला रेडिओ असतो. वाद घालायलाही जागा असते. रॉजर वॉटर्स पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडल्यावर 1987 मध्ये त्याचा अल्बम आणि त्याच्याविना राहिलेल्या फ्लॉइडचा अल्बम एकाच वर्षी दुकानात होते, आणि लोकांनी बाजू घेऊन भांडणं केली. आपल्याकडे बँड सुटला की समोर उभा असतो तो हिंदी सिनेमा, आणि त्याच्या शेजारी जाहिरातींची जिंगल. मग होतं असं, की गायक सिनेमात जातो आणि नवं संगीत करायचं काम गिटारवाल्यावर पडतं. अपवाद आहेत, त्यातले एकदोन तर फार मोठे आहेत. पण गेल्या पन्नास वर्षांतला आपला रॉक पाहताना मला हाच कल पुन्हापुन्हा दिसतो.

मराठी माणसासाठी ही गोष्ट नंदू भेंडे यांच्यापासून सुरू व्हायला हवी. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घरात मराठी रंगभूमी, आणि हा ‘वेल्व्हेट फॉग’सारख्या बँडमधून इंग्रजी रॉक गाणारा. 1974 मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ केलं, त्यात भेंडे जुडास झाले. त्या रॉक ऑपेरात जुडासला जे गायचं असतं ते घसा फाडूनही सुरात राहणाऱ्यालाच जमतं. चार वर्षांनी ते ‘तीन पैशाचा तमाशा’त दिसले. ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चं पु. लं.नी केलेलं मराठी रूप, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पुण्याची थिएटर अकॅडमी. एकाच रंगमंचावर नाट्यपदाची ऐट, लावणीचा ठसका आणि पाश्चात्त्य ठेका. रॉकचा गळा मराठी शब्दांवर बसतो का, या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळून गेलं होतं.

पण ते उत्तर पुढे नेणारं कोणी नव्हतं. 1982 मध्ये भेंडे यांचा आवाज ‘डिस्को डान्सर’मध्ये ‘कृष्णा धरती पे आजा तू’ गाताना देशभर पोचला, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना तो कोणाचा आवाज आहे हे माहीतही नव्हतं. 2014 मध्ये ते गेले. नाटक, सिनेमा, दूरचित्रवाणी अशी विविध कामं त्यांनी केली. मात्र मराठी रॉक म्हणून लोकांच्या तोंडी असलेला एकही अल्बम त्यांच्या नावावर नाही. याचा दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. असा अल्बम कोणत्या कंपनीनं काढला असता? काढला असता तर भावगीतांच्या कॅसेटींच्या कोणत्या खणात ठेवला असता?

गोव्यात रेमो फर्नांडिसनं हा प्रश्न कंपनीला विचारायचंच सोडून दिलं. मुंबईत वास्तुशास्त्र शिकताना आणि त्याच्या आगेमागे तो बँडमध्ये होता. 1984 मध्ये मात्र शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर, एकावर एक वाद्य चढवत त्यानं ‘गोअन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या कॅसेटी स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानादुकानांत पोचवल्या. कंपन्या आल्या त्या नंतर. 1986 मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’ आला तेव्हा. सिनेमाही नंतर आला. रेमो गायक होता, पण गिटार, बासरी आणि तबल्यासारखं जे हाताशी असेल तेही वाजवायचा, गाणी लिहायचा, मुखपृष्ठ स्वतः रंगवायचा. म्हणून मी त्याला गायकांच्या रांगेत बसवत नाही. ज्याला कोणावाचून अडत नाही तो सिनेमात जाऊनही परत येऊ शकतो, आणि रेमो येत राहिला.

मुंबईतल्या रॉकचं पीठ म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. 1986 पासून तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. पोरं काळे टी-शर्ट घालून येत आणि त्यांना परदेशी बँडची गाणी हुबेहूब हवी असत. अशा गर्दीसमोर स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट 1984 मध्ये जन्मलेल्या ‘रॉक मशीन’नं धरला. 1988 चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, 1990 चा ‘द सेकंड कमिंग’, मग 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ असं नवं नाव, आणि ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ एमटीव्हीवर. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. यश म्हणावं असं त्यांच्याकडे सगळं होतं. 1997 मध्ये बँड थांबला.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ‘आम्स फॉर शांती’ नावाचा नवा बँड उभा केला. मुंबईत राहून ज्यांनी ठार इंग्रजी रॉक वाजवला, त्यांना परमुलखात भारतीय सूर आणि लय हवीशी वाटली. ही फ्यूजनची वाट मला सगळीच पटते असं नाही. नव्वदच्या दशकाअखेरीस प्रत्येकजण ड्रमशेजारी तबला बसवत होता आणि त्यातलं बरंचसं आज ऐकवत नाही. पण बेनेगल सिनेमाच्या दारात जाऊन उभा राहिला नाही, हे नोंदवलं पाहिजे. परतल्यावर त्यानं तिनईकरबरोबर ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावानं विजेच्या गिटारींविना छोट्या मैफली केल्या. 2010 मध्ये इंडस क्रीड पुन्हा जुळला, आणि 2012 मध्ये आलेल्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये जुनी लोकप्रिय गाणी नव्या वेष्टनात विकण्याचा मोह त्यांनी टाळला. गाणी लांब, गुंतागुंतीची, चाळिशी ओलांडलेल्या माणसांची. मिक्सिंग टिम पामरचं. माझ्या मते तो या बँडचा सर्वांत चांगला अल्बम आहे, आणि सर्वांत कमी ऐकला गेलेलाही. कार्यक्रमात लोक ओरडून मागणार ते ‘प्रिटी चाइल्ड’च.

मोहित चौहानचं उदाहरण याच्या अगदी उलट्या टोकाचं. त्याच्या ‘सिल्क रूट’ या बँडचा ‘बूंदें’ 1998 मध्ये आला. ‘डूबा डूबा’ ज्यांच्या कॉलेजच्या दिवसांत वाजलं त्यांना आजही ते पाठ आहे. बँड विरला, काही वर्षं शांततेत गेली, आणि ‘जब वी मेट’च्या ‘तुम से ही’नंतर चौहान घराघरांत पोचला. 2009 मध्ये त्यानं ‘फितूर’ हा स्वतःचा अल्बमही काढला. तो किती जणांना आठवतो? 2011 च्या ‘रॉकस्टार’मध्ये तर गंमतच झाली. बँड सोडून आलेला खराखुरा गायक पडद्यावरच्या खोट्या रॉकस्टारचा आवाज झाला, तोही ए. आर. रहमानच्या चालींवर. चौहान त्यात अप्रतिम गायला आहे. पण आपल्या देशातला सर्वांत प्रसिद्ध रॉक गायक हा एक सिनेमातलं पात्र आहे, आणि त्याचा गळा भाड्यानं आणलेला आहे, यावर आपण फारसा विचार केला नाही.

‘पेंटाग्राम’मध्ये तर एकाच बँडच्या दोन वाटा दिसतात. विशाल ददलानी गायक. विशाल-शेखर म्हणून सिनेमात मोठा झाला, पण बँड त्यानं सोडला नाही आणि 2011 मध्ये ‘ब्लडीवूड’ काढला. सिनेमाच्या पैशावर बँड जिवंत ठेवणं यात मला काही कमीपणा वाटत नाही. गिटारवाला रँडॉल्फ कोरिया मात्र मोनिका डोग्राबरोबर ‘शायर अँड फंक’ करू लागला. 2007 चा त्यांचा पहिला अल्बम, त्यात गिटार इलेक्ट्रॉनिक ठेक्यांत विरघळून गेलेली. हेडबँगिंग करणाऱ्या जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही. नवं काही ऐकू आलं ते मात्र तिकडूनच.

आणि मग वॉरन मेंडोन्सा. ‘झीरो’ हा मुंबईचा बँड कॉलेजांच्या महोत्सवांचा लाडका. ‘पीएसपी 12’ हे त्यांचं गाणं अख्खं मैदान गायचं. वॉरन त्यांचा गिटारवादक, शंकर-एहसान-लॉय यांच्यातल्या लॉयचा पुतण्या, म्हणजे सिनेमाच्या स्टुडिओचं दार घरातूनच उघडं. तो काही वर्षं न्यूझीलंडला जाऊन राहिला आणि ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावानं, गायकच नसलेलं संगीत करू लागला. 2007 मध्ये ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’, 2009 मध्ये ‘द न्यू अल्बम’, आणि 2017 चा ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’. जो देश शब्दांशिवाय गाणं ऐकत नाही, तिथे नुसत्या गिटारीचे अल्बम काढायचे म्हणजे बाजाराकडे पाठ करून बसणं. वॉरनची खासियत वेगात नाही. वेगानं वाजवणारी पोरं आता मोबाइलवर पैशाला पासरी सापडतील. तो एक सूर ओढतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात वाक्य पुरं होतं. विलंबित ख्याल ऐकून ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना हे ब्लूज परकं वाटू नये. त्याच झीरोचा ड्रमर सिद कुटो पुढे येऊन गाऊ लागला आणि ‘टफ ऑन टोबॅको’ घेऊन आला, तोही ऐकण्याजोगा. पण तो रस्ता हसतखेळत चालायचा आहे.

या सगळ्यांत ‘इंडियन ओशन’ वेगळा, आणि त्याच्याबद्दल लिहिताना मी तटस्थ नाही. जबलपुरात, आमच्या कांचघरच्या बाजूला, रेल्वे आणि छावणीमुळे अँग्लो-इंडियन घरांतून पाश्चात्त्य संगीत पूर्वापार होतं. मराठी घरांतून नाट्यगीतं आणि दत्ताची आरती. या दोन घरांना एकत्र बसवणारं गाणं दिल्लीहून आलं. 2000 च्या ‘कंदिसा’मधलं ‘माँ रेवा’. नर्मदेच्या खोऱ्यातलं पारंपरिक गाणं. नर्मदा बचाव आंदोलनात राहिलेल्या राहुल रामनं ते बँडमध्ये आणलं. ग्वारीघाटावर संध्याकाळी जी भक्ती दिसते तीच त्यात आहे, पण ज्यांना बरगी धरणानं उठवलं त्यांच्या कानांना त्याचा बास वेगळा ऐकू येतो. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांपैकी ते सर्वांत आधी पुरं झालेलं.

हा बँड 1990 मध्ये सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी सुरू केला. अशीम 2009 च्या नाताळात गेला. तबला वाजवता वाजवता गाणारा तो माणूस. त्याच्या जागी एक माणूस आणून भागणारच नव्हतं, म्हणून गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती असे दोघे लागले. 2013 मध्ये सुस्मितही बाहेर पडला. त्याची गिटार हीच या बँडची सही होती: मोकळ्या तारा, वर्तुळात फिरणारी धून, रागाचा वास पण रागाचं व्याकरण नाही. ‘सुस्मित सेन क्रॉनिकल्स’मध्ये तीच गिटार अधिक लांब, अधिक अंतर्मुख झाली. सुंदर आहे, पण एक तक्रार आहे. तिला रोखणारा कोणी उरला नाही. बँडमध्ये राहुलचा बास तिला जमिनीवर ओढायचा आणि अमित किलमचे ड्रम्स तिला वेळेवर निघायला लावायचे. त्या ओढाताणीतून ‘कंदिसा’ झाला. एकट्या सुस्मितला अर्धा तास बसून ऐकावं लागतं, आणि तेवढा वेळ द्यावासा वाटेल असं दर वेळी होत नाही.

राहुल राम बँडमध्येच राहिला आणि त्याची एकल कारकीर्द म्हणावी ती भलत्याच जागी घडली. वरुण ग्रोव्हर आणि संजय राजौरा यांच्यासह ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’त तो जुन्या चालींवर राजकीय विडंबनं गाऊ लागला. आपल्या वगातल्या बतावणीची आठवण यावी असा तो प्रकार. बँडनं इकडे 2014 मध्ये ‘तांडानू’ केला आणि मग थेट 2023 मध्ये ‘तू है’. दोन्ही संस्थापकांविना चालणाऱ्या बँडला इंडियन ओशन म्हणावं का, असा प्रश्न जुने चाहते विचारतात. मला तो प्रश्न फोल वाटतो. सुस्मितच्या जागी गिटारीवर आलेला निखिल राव त्याच्यासारखा वाजवायचा प्रयत्न करत नाही, आणि ‘तू है’मध्ये जिथे बँड फसतो तिथे तो जुन्या आठवणींमुळे नव्हे, तर शब्द सुरांपेक्षा जड झाल्यामुळे फसतो.

पैशाचा मुद्दा सोडून हे चित्र पुरं होत नाही. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येणार नाही असं ठरलं. सिनेमावाल्यांना त्याचा उपयोग झाला. बँडच्या गाण्यांचं काय? चौघांनी सरावात बसून घडवलेल्या गाण्याचा संगीतकार कोण, हे आपल्या बहुतेक बँडनी कागदावर कधी लिहिलंच नाही. मैत्री होती तोवर चाललं. गायकाला निदान गळा बरोबर नेता येतो. ड्रमरनं काय न्यायचं? जागांचंही तेच. रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून मुकं झालं. 2007 मध्ये लोअर परळला ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं, जिथे वॉरनसारख्याला लोक बसून ऐकत. 2016 मध्ये तेही बंद झालं. पुण्याचा ‘एनएच7 वीकेंडर’ 2010 पासून भरू लागला, पण महोत्सवात माणसाला पाऊण तास मिळतो आणि त्यात लोकांना ओळखीचंच हवं असतं.

मराठीचा हिशेब तर अजून मांडायचाच आहे. तिनईकर, भेंडे ही नावं घ्यायला बरी वाटतात. पण रॉक वाजवणाऱ्या मराठी माणसानं बँड सुटल्यावर मराठीत स्वतःचं काही केलं, असं उदाहरण शोधायला बसलं की हात रिकामे राहतात. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग रॉकच्या अंगानं गातो आणि चांगलं गातो. फक्त तिथे शब्द तुकोबांचे आहेत. तिशीतल्या माणसाचं भाडं, लोकल, घटस्फोट, बापाचं आजारपण मराठीत, गिटारीवर, स्वतःच्या शब्दांत गाणारा कोणी अजून समोर आलेला नाही, आणि तो येईल तेव्हा बहुधा कुठल्यातरी बँडच्या मागच्या रांगेतून येईल.