‘नो टाइम फॉर गुडबाय’ : विस्मय आणि शोक

रहस्यकथेत मनुष्य मरतो तेव्हा शोकाला निदान एक निश्चित आधार मिळतो. तो नाहीसा होतो तेव्हा तोही उरत नाही. लिनवुड बार्कले या कॅनडातील लेखकाच्या ‘नो टाइम फॉर गुडबाय’ (२००७) या कादंबरीचे बळ या भेदात आहे. १९८३ साली कनेटिकट राज्यातील मिलफर्ड येथे चौदा वर्षांची सिंथिया सकाळी उठते, तो घर रिकामे. आई, वडील आणि भाऊ टॉड तिघेही गेलेले. चिठ्ठी नाही, माग नाही. आदल्या रात्री घरात कडाक्याचे भांडण झालेले असते. त्यामुळे पंचवीस वर्षे तिला छळणारा खरा प्रश्न ‘ते कोठे गेले’ हा नसून ‘मला का टाकून गेले’ हा होय.

निवेदनाची योजना विचारपूर्वक केलेली आहे. मुख्य कथा सिंथियाचा पती टेरी सांगतो. हा शाळेत इंग्रजी शिकविणारा साधा गृहस्थ पत्नीवर प्रेम करतो. तथापि तिच्याविषयीची शंकाही त्याला शिवते, आणि वाचकाचा संशय अशा रीतीने घरातच शिरतो. मधूनमधून एका मातापुत्राचे संभाषण बोलणाऱ्यांची नावे न देता येते. नाहीशी झालेली आई व टॉडच ही असावीत, असे वाचक मानून चालतो. लेखक केवळ नावे झाकतो; उरलेली फसवणूक वाचकाची आशाच करते.

वस्तुतः ती दोघे म्हणजे सिंथियाचे वडील क्लेटन यांच्या न्यूयॉर्क राज्यातील दुसऱ्या संसारातील पत्नी इनिड व मुलगा जेरेमी होत. सिंथियाची आई व भाऊ यांचा घात इनिडनेच केलेला असतो. उरलेल्या मुलीचा जीव वाचावा म्हणून क्लेटन मौन पत्करतो आणि तिच्या शिक्षणासाठी निनावी पैसे पाठवितो. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, अद्भुताचा स्थायी जो विस्मय तो येथे करुणाचा स्थायी जो शोक त्यात परिणत होतो. उत्तम रहस्यकथेला हे क्वचितच साधते.

परंतु येथेच कादंबरीचे वैगुण्यही आहे. सर्व पाप इनिडच्या क्रौर्यावर लादल्यामुळे, दोन घरांना वर्षानुवर्षे असत्यात ठेवणाऱ्या क्लेटनचा न्याय पुरतेपणी होत नाही. त्याचा पश्चात्ताप लेखकाला इतका प्रिय आहे की, त्याच्या भित्रेपणाचीही त्यागात गणना होते. इनिडला काही अंतर्मन दिले असते, तर ही कृती अधिक गंभीर झाली असती.

असे असूनही, आपल्याला कोणी टाकून गेले नव्हते, हे सिंथियाला अखेरीस कळते. गुन्हेगाराच्या नावापेक्षा हे उत्तर मोठे आहे. आणि उत्कंठा शमल्यानंतरही कादंबरी स्मरणात राहते, ती त्यामुळेच.